डीएनएफमधील डाउनलोड-मर्यादा: सरसकट की रिपॉझिटरीनिहाय?

मालवणसारख्या गावातील संगणक प्रयोगशाळेत, जिथे पावसाळ्यात इंटरनेट आधीच रखडते आणि तीच जोडणी कार्यालयालाही लागते, तिथे डीएनएफच्या (फेडोरासारख्या लिनक्समध्ये सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या साधनाच्या) मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ‘थ्रॉटल’ची, म्हणजे डाउनलोडच्या वेगाची, मर्यादा एकदाच घालून ती सर्व रिपॉझिटरींना (सॉफ्टवेअर जिथून उतरते त्या साठ्यांना) लागू करणे मला अधिक सोयीचे वाटते. रिपॉझिटरीच्या स्वतंत्र फाइलमधील मर्यादा मुख्य मर्यादेपेक्षा वरचढ ठरते. त्यामुळे एखाद्याच अवजड रिपॉझिटरीला आवर घालायचा असल्यास तो मार्ग योग्य, परंतु नवी रिपॉझिटरी जोडताना तिच्या फाइलमध्ये मर्यादेची ओळ घालणे हमखास राहून जाते. डीएनएफ मुळात ३ डाउनलोड समांतर चालवत असल्याने एकूण वेग मर्यादेबाहेर जाऊ शकतो, म्हणून दोन्ही पद्धतींत समांतर डाउनलोडची संख्या १ ठेवावी.