सात महिने ओटी: अण्णांचा उजवा हात आणि एकोणीस पायऱ्या

काल ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजारानंतर रोजची कामं परत करायला शिकवणारे उपचार) दवाखान्याच्या जिन्यावर अण्णांचा पाय घसरला. मी पाठीशी होते म्हणून निभावलं. सात महिन्यांचं साठलेलं आज लिहून टाकते.

अण्णा ७६ वर्षांचे. अर्धांगवायूत उजवी बाजू गेली. फिजिओ बार्शीतच मिळाला, चालणं परत आलं. पण कपडे आणि जेवण माझ्याच हातात. ओटी कुठे मिळेल म्हणून विचारलं की मेडिकलवाल्यापासून सगळे म्हणायचे, "ऑपरेशन थिएटर का?" दोन ठिकाणी पाटी होती, पण फक्त लहान मुलांसाठी. एकीकडे तर मालिशवालाच पुढे केला! म्हणून आधी दोनच गोष्टी विचारा: बीओटीएच (ओटीची पदवी) आहे का, आणि ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी. मुंबईत केईएम हॉस्पिटलला ओटीचं शिक्षण १९५० पासून आहे. इतक्या वर्षांनीही तालुक्याला माणूस शोधताना चपला झिजाव्यात, याचा संताप येतो.

शेवटी सोलापूरला एक मॅडम मिळाल्या. दर गुरुवारी, ४०० रुपये. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट नाही, बायकांना अर्धं, म्हणून परवडतं.

पहिला महिना पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. वाटीतले हरभरे उचलायचे, परत टाकायचे. हे तर घरीही झालं असतं! ते मत मी मागे घेते. पुढच्या महिन्यात शर्ट शिकवला: आधी लुळा हात बाहीत, खांद्यापर्यंत ओढून घ्यायचा, मग धड हात. काढताना आधी धड. मी इतके दिवस उलटं करत होते आणि अण्णा खांदा दुखतो म्हणून कळवळायचे. महागडा चमचाही घेऊ दिला नाही. घरच्याच चमच्याच्या दांडीवर सायकलच्या मुठीचं रबर चढवायला लावलं. त्या रात्री अण्णांनी उजव्या हाताने वरणभात खाल्ला. निम्मा सांडला, पण मला हात लावू दिला नाही.

पण मॅडमच्या दवाखान्याचा तो जिना! लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. चढताना तो धड हाताला येतो, उतरताना लुळ्या. म्हणून मॅडमनी पाठमोरं उतरायला शिकवलं. पाठमोऱ्या माणसाला खालची पायरी दिसते का? काल तिथेच घात झाला. लुळ्या माणसांना तपासायची जागा पहिल्या मजल्यावर असूच नये. दुसऱ्या बाजूला पाईप बसवा, निम्मे पैसे मी देते, असं मी सांगून आलेय. मॅडम लगेच जागामालकाशी बोलल्या. पुढच्या गुरुवारी अण्णांना खालच्या ओसरीवरच तपासणार आहेत.