टोस्टमास्टर्स क्लबचा अनुभव: भाषणांपेक्षा मूल्यमापनातून जास्त मिळालं

गेल्या पावसाळ्यात पार्ल्यातल्या एका टोस्टमास्टर्स क्लबची, म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करणाऱ्या क्लबची, सभासद झाले. आता उन्हाळा लागलाय, त्यामुळे ठामपणे लिहिता येईल.

माझं काम फ्रेट फॉरवर्डिंगचं, म्हणजे इतरांच्या मालाची ने-आण जुळवून देण्याचं, ऑफिस अंधेरीला. न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकला की आयातदाराला तसं कळवायचं आणि आठवड्याच्या कॉलवर वरिष्ठांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. शाळा मराठी माध्यमाची. वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या होत्या, पण पाठ केलेलं भाषण वेगळं आणि अचानक आलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणं वेगळं.

१९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या क्लबातून ही संस्था वाढली. इथे पगारी शिक्षक नसतो, सभासदच एकमेकांना ऐकतात आणि सुधारणा सुचवतात. पहिलं भाषण ‘आइसब्रेकर’, चार ते सहा मिनिटांचं. वेळ कळावी म्हणून चौथ्या मिनिटाला हिरवं कार्ड, पाचव्याला पिवळं, सहाव्याला लाल. ‘टेबल टॉपिक्स’मध्ये विषय तिथल्या तिथे मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. भीती मोडायला हा भाग उत्तम.

पण मला खरा फायदा झाला तो खाली बसून. ‘आह काउंटर’ची जबाबदारी घेतली की प्रत्येक वक्त्याचे ‘बेसिकली’, ‘अ‍ॅक्चुअली’, ‘सो’ टिपायचे आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. एकदा कानाला ती सवय लागली की स्वतःचं ‘बेसिकली’ही तोंडातून निघायच्या आधी ऐकू येतं. मूल्यमापन त्याहून अवघड. समोरच्याचं भाषण ऐकता ऐकता काय जमलं, काय नाही हे ठरवायचं आणि दोन-तीन मिनिटांत त्याला न दुखावता सांगायचं. हाताखालच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल सांगायचं असतं ते याहून फार वेगळं नसतं.

मला मिळालेल्या मूल्यमापनांपैकी एक तर थेट कामाला आलं. एका ज्येष्ठ सभासद बाई म्हणाल्या, “तुमची बातमी शेवटी येते, तोपर्यंत लोक दमतात.” पूर्वी मी जहाज कधी लागलं, कागदपत्रं कधी आली, इथपासून सुरुवात करायचे. आता पहिलंच वाक्य असतं, “कंटेनर परवा निघेल, उद्या कस्टमची तपासणी आहे.” कारणं नंतर, विचारली तर. आयातदारांचे उलट फोन कमी झालेत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

मर्यादाही सांगते. क्लबात तुम्हाला मध्येच कुणी तोडत नाही, चिडलेला ग्राहक तिथे नसतो आणि प्रत्येक भाषणाला टाळ्या मिळतात. ईमेल नीट लिहायला तर इथे कुणी शिकवत नाही. मूल्यमापन करणारे आपल्यासारखेच सभासद असल्यामुळे त्याचा दर्जाही माणसागणिक बदलतो. म्हणून बोलण्याआधीच मूल्यमापकाला गाठून ‘माझ्या शेवटाकडे लक्ष द्या’ असं नेमकं सांगावं. भाषण फोनवर रेकॉर्ड करून परतीच्या लोकलमध्ये ऐकायची सवयही मला फार उपयोगी पडली.

सहा महिन्यांची वर्गणी ६० डॉलर, नव्या सभासदाला एकदाच २० डॉलर जास्त. जागेचं भाडं वगैरे क्लब वेगळं घेऊ शकतो, ते आधी विचारा. पाहुणे म्हणून दोन-तीन क्लबांत बसून बघा आणि भाषणांपेक्षा मूल्यमापनं कान देऊन ऐका. सगळेच ‘खूप छान’ म्हणून बसत असतील तर दुसरा क्लब शोधा.

एप्रिलचं नूतनीकरण मी केलंय. पुढच्या सहा महिन्यांत मूल्यमापनाच्या संधी जास्त मागून घेणार आहे.