घरटं पडलं: पिल्लं परत ठेवावीत, टोपलीत ठेवावीत की घरात आणावीत?

कुंपणाची झुडपं छाटताना एक फांदी कात्रीत सापडली आणि तिच्याबरोबर बुलबुलाचं वाटीएवढं घरटं खाली आलं. आत तीन पिल्लं. डोळे मिटलेले, चोची वासलेल्या. अशा वेळी माणूस आधी बुटाचं खोकं शोधायला धावतो. मीही धावलो होतो. आज मी त्या खोक्याला शेवटचा नंबर देईन.

काही ठरवण्याआधी पिल्लू नीट बघा. अंगभर पिसं, आखूड शेपटी, टुणटुण उड्या आणि बोट पुढे केलं तर घट्ट पकड, असं असेल तर ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर पडलेलं आहे. त्याला जवळच्या झुडपात ठेवा, मांजर घरात घ्या, विषय संपला. पुढचं सगळं उघड्याबोडक्या किंवा जेमतेम पिसं फुटलेल्या पिल्लांसाठी.

घरटं शाबूत असेल तर ते त्याच जागी, त्याच उंचीवर सुतळीनं बांधणं यासारखं दुसरं काही नाही. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते’ हे मनातून काढून टाका. हाताच्या वासानं ती पिल्लं सोडत नाही. सारखं डोकावणारं माणूस मात्र तिला बिचकवतं. पिल्लं गार पडली असतील तर आधी ओंजळीत ऊब द्या. गारठलेलं पिल्लू चोच वासत नाही आणि चोच न वासणाऱ्याला घास मिळत नाही.

घरटं विस्कटलं असेल तर टोपली. ती लहान आणि उथळ हवी, बुडाला पाणी निथळायला भोकं हवीत. आत जुन्या घरट्याचे अवशेष आणि सुकं गवत घाला. हिरवं, ओलसर गवत पिल्लांची ऊब ओढून घेतं. जुन्या जागेपासून एक-दोन मीटरच्या आत, सावलीत, न हलणाऱ्या फांदीला ती बांधायची. पण टोपली सगळ्यांना चालत नाही. सूर्यपक्ष्याचं लोंबतं घरटं धड असेल तर तेच पुन्हा टांगा, आणि ढोलीत राहणाऱ्यांना भोक असलेली बंद पेटी हवी.

हे दोन्ही उपाय बहुतेक वेळा आपल्याच उतावळेपणामुळे फसतात. आपण तीन हात अंतरावर उभे राहतो आणि ‘आई येतच नाही’ म्हणतो. खिडकीआडून दोन तास बघा. पक्षी येतो, काही सेकंदांत घास भरवून जातो. तेवढ्यात आपण चहा ओतत असतो.

घरात वाढवणं दिसायला सगळ्यात प्रेमळ आणि प्रत्यक्षात सगळ्यात वाईट. उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवायचं, तेही काय? दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच देते. कबुतराची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अन्नपिशवीत तयार होणाऱ्या ‘दुधावर’ जगतात. गाई-म्हशीचं दूध पक्ष्यांना पचत नाही. चोचीत पाण्याचे थेंब सोडणं तर घातकच. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं, पाणी थेट तिकडे उतरू शकतं. शिवाय माणसाळलेलं पिल्लू पुढे बाहेर टिकणं अवघड, आणि अनेक देशांत रानपक्षी परवान्याशिवाय ठेवणं बेकायदाही आहे.

मग खोक्याचा उपयोग कधी? वाट बघण्यापुरता. रक्त, लोंबणारा पंख, मेलेले आईबाप, दोन तासांत कुणीच न फिरकणं, यातलं काहीही असेल तर पक्ष्यांचा डॉक्टर किंवा वन्यजीव उपचार केंद्र गाठा. मांजरानं तोंडात धरलं असेल तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी न्या. मांजराच्या लाळेतले जंतू पिल्लाला मारतात, प्रतिजैविक लागतंच. तोवर अंधार, शांतता आणि फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. खायला काही नाही. घरटं तिन्हीसांजेला पडलं तरी रात्रीपुरतं हेच खोकं, कारण हे पक्षी रात्री भरवत नाहीत. उजाडताच पिल्लं टोपलीत.

त्या दिवशी माझं खोकं तयार होतं. शेजारच्या काकूंनी ते हातातून काढून घेतलं आणि टोपली दिली. चाळीस मिनिटांनी जोडीतलं एक चोचीत हिरवी अळी धरून तारेवर बसलं. आधी जुन्या फांदीपाशी गेलं, छाटलेल्या टोकावर भिरभिरलं, परत तारेवर. तिसऱ्या खेपेला ते टोपलीच्या काठावर होतं, आणि अळी दिसेनाशी झाली होती.