प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील महिलांसाठी घरपोच श्वसन-व्यायाम सेवा : अभिप्राय

माझ्या जाऊबाईंचे नाव पुण्यातील रुग्णालयामार्फत फुप्फुस प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत आहे. शस्त्रक्रिया झेपण्यासाठी हातापायांतली ताकद टिकवणे आवश्यक असल्याने आम्ही जुळे सोलापुरातील एका केंद्राची घरपोच सेवा घेतली. उंची कमी असलेल्या स्त्रीला छातीच्या मापाचे फुप्फुस मिळायला बऱ्याचदा अधिक काळ लागतो; त्यामुळे दीर्घकाळ निभेल असाच व्यायाम हवा होता.

येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सहा मिनिटे चालण्याची चाचणी व्हरांड्यातच घेतली आणि ऑक्सिमीटरवरील आकडे वहीत टिपले. त्याहून मला भावले ते हे, की त्यांनी दिरांना न विचारता थेट जाऊबाईंनाच विचारले : वेणी घालताना धाप लागते का, कोणते काम सोडवत नाही? उत्तर अर्थातच भाकरीचे होते. (सोलापुरात दुसरे काय असणार!) हात आधाराविना उचलून धरले की श्वासाला मदत करणारे स्नायू त्या कामात गुंततात आणि धाप वाढते, हे सांगून त्यांनी परात टेबलावर ठेवायला लावली, कोपरे टेकवून पीठ मळायला आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवले. भाकरी भाजण्यास मात्र स्पष्ट नकार दिला, कारण नाकाला ऑक्सिजनची नळी असताना पेटत्या शेगडीजवळ जाणे जिवावर बेतू शकते. तेव्हापासून तवा दिरांकडे आहे. भाकऱ्या करपतात, पण तक्रार कोणी करत नाही.

पुण्याचे अंतर सुमारे 250 किलोमीटर असल्याने अचानक बोलावणे आल्यास प्रवासात सिलिंडर किती वेळ पुरेल, याचा हिशेबही त्यांनी मांडून दिला.

शस्त्रक्रियेनंतरच्या माहितीबाबत मात्र ही सेवा तोकडी पडते. स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात, तसेच शरीराने नवे फुप्फुस नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या मायकोफेनोलेटसारख्या औषधामुळे गर्भाला व्यंग होण्याचा धोका असल्याने ते चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते, या गोष्टी त्यांच्या पत्रकात नाहीत. तरुण रुग्णांसाठी त्या अत्यावश्यक आहेत. शिवाय पत्रक इंग्रजीत आहे आणि शुल्क महिन्याचे आगाऊ घेतात. रुग्ण मध्येच रुग्णालयात दाखल झाल्यास उरलेल्या भेटी पुढे धरण्याची सोय नाही. या आजारात तसे दाखल होणे नेहमीचेच असल्याने पैसे भरण्यापूर्वी ही अट बदलून घ्यावी.