लायसन्स नंबर खरा होता, माणूस दुसराच निघाला

कॅलिफोर्नियात घराचं काम काढणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आमच्याकडून १५,००० डॉलर घेऊन जो गेला, त्याच्याकडे बांधकामाचं लायसन्सच नव्हतं.

फ्रीमाँटला किचन नव्याने करायचं होतं. ओळखीतून एक मराठी काँट्रॅक्टर आला. त्याच्या कार्डावरचा नंबर नवऱ्याने राज्याच्या काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या साइटवर टाकून पाहिला. लायसन्स चालू, २५,००० डॉलरचा बाँडही (ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी लायसन्सवाल्याने ठेवलेली हमी) जागेवर. नाव वेगळं दिसलं, तर काँट्रॅक्टर म्हणाला, "पार्टनरच्या नावावर आहे." प्रत्यक्षात तो पार्टनर नव्हताच, आणि लायसन्सही सी-३३, म्हणजे फक्त रंगकामाचं. भिंत पाडणं, प्लंबिंग, वायरिंग असं एकत्र काम असेल तर सहसा बी वर्गाचं, जनरल बिल्डिंगचं लायसन्स लागतं. म्हणून नंबर चालू आहे एवढ्यावर थांबू नका. नाव आणि वर्ग बघा, आणि समोरच्याचं फोटो ओळखपत्र मागून त्या नावाशी ताडून पाहा. जो खरा असतो तो लगेच दाखवतो.

अ‍ॅडव्हान्सचं तर सरळ सांगते. घराच्या कामाला इथल्या कायद्याने करारातल्या रकमेच्या १०% किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच आधी घेता येतं. आमचं काम ३८,००० चं, म्हणजे १,००० च्या वर एक डॉलरही नाही. "वहिनी, कॅबिनेटं आधी ऑर्डर करावी लागतात," असं म्हणून त्याने १५,००० घेतले. खास ऑर्डरच्या मालालाही या नियमात सूट नाही.

"परमिट मालक म्हणून तुम्हीच काढा, लवकर मिळतं," हाही त्याचाच सल्ला. असं परमिट काढलं की कामाची जबाबदारी आपल्या अंगावर येते, मजूर पडला-झडला तरी आपल्यालाच धरतात.

जुनं किचन त्याने दोन माणसं लावून उखडलं आणि मग फोन बंद. सिंक ड्राइव्हवेत, भिंतीतून वायरी बाहेर लोंबताहेत, घरभर जिप्समची पांढरी भुकटी. सासूबाई डायनिंग टेबलावर इंडक्शनवर कुकर लावायच्या आणि भांडी बाथटबमध्ये घासायच्या. त्यांचे गुडघे दुखतात. मला पैशांपेक्षा याचाच जास्त राग आहे.

बोर्डाकडे तक्रार केली. तिथे कळलं की बाँड लायसन्सवाल्याच्या कामासाठी असतो, आमच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र कायदा एका बाबतीत आपल्या बाजूने कडक आहे: लायसन्स नसलेल्याला दिलेले सगळे पैसे, त्याने थोडंफार काम केलं असलं तरी, कोर्टातून परत मागता येतात. काम संपल्यापासून किंवा थांबल्यापासून एका वर्षाच्या आत दावा लावायला हवा. स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा १२,५०० डॉलर, म्हणून वरचे २,५०० आम्ही सोडून दिले. निकाल आमच्या बाजूने लागला, पण वसुली आपली आपणच करायची असते आणि अजून हातात काही आलेलं नाही.

टेक्ससमधल्या नातेवाइकांनी विचारलं म्हणून सांगते, तिथे जनरल काँट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच नसतं. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला मात्र असतं, ते जरूर तपासा, आणि बाकीचं शहराच्या बिल्डिंग खात्यात विचारा.