१३बी रोटरीच्या टर्बोला ऑइल: इंजिनातले द्यावे की वेगळ्या टाकीतले?

इथे रोटरी म्हणजे पहिल्या महायुद्धातले एरंडेल पिणारे, सिलिंडरसकट गरगरणारे इंजिन नव्हे. हौशी विमानबांधणीत वापरतात ते माझदाचे १३बी वँकेल, ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र; त्याच्या बेअरिंगना सतत ऑइल लागते.

इंजिनातलेच ऑइल दिले तर विजेवर भिस्त राहत नाही. इंजिन फिरतेय तोवर टर्बोला ऑइल मिळते. साध्या जर्नल बेअरिंगला (यात दांडा ऑइलच्या थरावर फिरतो) ६ मिमी आतल्या व्यासाची फीड लाइन पुरते. बॉल बेअरिंगला मात्र ४०-४५ पीएसआयच्या वर दाब नको, म्हणून साधारण १ मिमी भोकाचा, प्रवाह आवळणारा रिस्ट्रिक्टर लागतो. त्याआधी फिल्टर हवाच, नाहीतर गॅस्केटचा एक कण टर्बोचा घास घेतो. तोटा उष्णतेचा: रोटर ऑइलनेच थंड होतात, त्यामुळे ऑइल कूलर आधीच दमलेला असतो. शिवाय फीड लाइन फुटली, तर इंजिनाचेच ऑइल जाते.

वेगळी टाकी, विजेचा गिअर पंप, फिल्टर आणि छोटा कूलर लावला, तर इंजिनात मिनरल आणि टर्बोत सिंथेटिक ऑइल वापरता येते. इंजिन बंद केल्यावरही पंप चालवून बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होणे टळते. पण उड्डाणात पंप थांबला, तर वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) उघडूनही टर्बाइन फिरतच राहते आणि बेअरिंग जाते. दाबाचा इशारा देणारा दिवा समोरच हवा.

खरा निकाल मात्र परतीच्या पाइपावर लागतो. टर्बोतून ऑइल फेसाळून बाहेर पडते. म्हणून ड्रेन १४-१६ मिमीचा, सलग उताराचा आणि पॅनमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारा लागतो. १३बीचे एक्झॉस्ट पोर्ट खाली असल्याने टर्बोही खाली येतो, ऑइल तुंबते आणि पिस्टन रिंगसारख्या सीलमधून टर्बाइनमध्ये झिरपते. निळा धूर दिसला की लोक सील बदलतात. दोष पाइपाचा असतो.

टर्बो पॅनमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर बसत असेल, तर इंजिनाचेच ऑइल घ्या. नसेल, तर इंजिनावर चालणारा स्कॅव्हेंज पंप, म्हणजे टर्बोतले ऑइल ओढून परत नेणारा पंप, लावा. त्याची क्षमता फीडच्या दोन-तीन पट ठेवा आणि फीडमध्ये चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने ऑइल जाऊ देणारी झडप) घाला, नाहीतर विमान उभे असताना टर्बो ऑइलने भरतो. वेगळी टाकी टर्बोच्या खाली बसत असेल, तरच तिचा विचार करावा; काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) एक्झॉस्टपासून दूर अशी जागा क्वचितच सापडते. ड्रेनचा उतार मोजताना विमान सपाट ठेवू नका, चढताना असते तसे नाक वर करून मोजा.