क्लिअर डीप पोर रेझिन, सहा किलोचा किट : आंब्याच्या फळ्यांचं टेबल करून, वर्षभर वापरून मग लिहितोय

हे इपॉक्सी रेझिन आहे, म्हणजे त्यात सोबतच्या डब्यातला हार्डनर मिसळला की काचेसारखं कडक होणारं द्रव, आणि डीप पोर म्हणजे जाड थर एकदम ओतता येणारं. पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते खाली लिहिलंय.

आमच्या गावच्या घरामागचा आंबा वादळात पडला, आजीने लावलेला होता त्यामुळे जळणात घालायची कुणाचीच इच्छा नव्हती, मग सॉ मिलवर नेऊन दोन-दोन इंची फळ्या काढून घेतल्या आणि मध्ये पट्ट्या ठेवून दोन वर्षं माळ्यावर सुकवल्या. आंब्याला कीड लवकर लागते म्हणून औषध आधीच मारलं होतं. रंधा मारून फळी चार सेंटीमीटर राहिली. दोन फळ्यांचे वाकडे काठ समोरासमोर ठेवायचे आणि मधली फट रेझिनने भरायची असं ठरवलं. हल्ली सगळे त्यात निळा रंग घालून नदी करतात, दिसतं छान, पण मला त्या काठाची प्रत्येक गाठ आणि खाच दिसायला हवी होती म्हणून एकदम क्लिअरच घेतलं.

हे घेण्याआधी मी दुसऱ्या एका कंपनीचं रेझिन एका छोट्या डब्यात ओतून बघितलं होतं. ते वरून पातळ थर द्यायचं कोटिंगचं रेझिन होतं, मी त्याचा चार सेंटीमीटरचा थर ओतला, थोड्या वेळात डबा हात लावू नये इतका तापला, धूर आला आणि सकाळी बघतो तर पिवळं पडून आरपार तडा गेलेला. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते, पातळ थरातून ती निघून जाते पण जाड थरात आतच कोंडते, आणि जेवढं तापेल तेवढी रिअ‍ॅक्शन अजून जोरात होते. डीप पोरचा हार्डनर मुद्दाम संथ असतो, त्यामुळे उष्णता हळूहळू निघते आणि बुडबुड्यांना वर यायलाही वेळ मिळतो. या किटची मर्यादा एका वेळी पाच सेंटीमीटर आहे आणि माझा चार सेंटीमीटरचा थर एकाच ओतण्यात व्यवस्थित बसला, तडा नाही, पिवळेपणा नाही.

किती मागवायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो, तर हिशोब सोपा आहे. फट 105 सेंटीमीटर लांब, सरासरी 12 रुंद, 4 खोल, म्हणजे 5040 घनसेंटीमीटर, पाच लिटर धरा. सहा किलो म्हणजे साधारण साडेपाच लिटर, म्हणून हा किट पुरला, लाकडातल्या भेगा पण त्यातच भरल्या.

आता तक्रार. प्रमाण 2:1 आहे आणि ते वजनाने आहे, पण ‘वजनाने’ हा शब्द डब्यावर इतका बारीक छापलाय की मी भिंग घेऊन वाचला, आणि माहितीचा कागद फक्त इंग्रजीत. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो त्यामुळे मगाने मोजलंत तर प्रमाण चुकतं आणि मग टेबल महिनाभर चिकट राहील, काही केल्या वाळणार नाही. सरळ काट्यावर मोजा, चार किलोला दोन किलो. आणि लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, फायबरची कामं करणारे पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमी-जास्त करतात, ते इथे अजिबात चालत नाही कारण इपॉक्सीत दोन्ही एकमेकांत ठरलेल्या प्रमाणातच जुळतात. एक स्टार याचाच कापलाय, पाच हजारांच्या आसपासचा माल आहे, हे ठळक मराठी-हिंदीत लिहायला काय हरकत आहे?

ओतण्याआधी काठांना ब्रशने रेझिनचा पातळ हात नक्की द्या, नाहीतर लाकडाच्या छिद्रांतली हवा रात्रभर बुडबुडे काढत बसते. साल पूर्ण सोलून काढा, ती पुढे सुटते. साच्याला आतून ब्राऊन टेप लावली आणि सांधे सिलिकॉनने बंद केले, थेंबभर गळलं नाही. मी फेब्रुवारीत ओतलं, पावसाळ्यात करू नका असंच सांगेन, दमट हवेत वर पांढरट तेलकट थर येतो आणि लाकूडही ओल धरतं. मॉईश्चर मीटरवर फळीतली ओल 10 टक्क्यांच्या आसपास आली तेव्हाच मी डबा उघडला. तीन दिवसांनी साचा काढला, घासायला मात्र आठवडा थांबलो. हातमोजे आणि मास्क घालाच, कातडीला लागत राहिलं तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

घासायचं काम आमच्या सुतारकाकांच्या सॅंडरवर केलं, 80 च्या खरखरीत पेपरपासून 2000 च्या एकदम बारीक पेपरपर्यंत. 320 ला सगळं धुरकट दिसत होतं तेव्हा माझा धीर सुटला, काका म्हणाले, “थांब रे बाळा, अजून काच व्हायचीय ती.” पॉलिश मारल्यावर खरंच काच झाली. घरातलं अरलडाइटही इपॉक्सीच, पण त्याच जातीचं काहीतरी इतकं नितळ होऊ शकतं हे मला आधी माहीत नव्हतं.

वर्षभरानंतरची परिस्थिती अशी : खिडकीकडच्या बाजूला अगदी किंचित पिवळसर झाक आलीय, उन्हात ठेवायचं टेबल नाहीच हे. गरम चहाचं पातेलं एकदा थेट ठेवलं गेलं तिथे वर्तुळ उमटलं, कारण असं रेझिन 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे खाली काहीतरी ठेवायचंच. बाकी सांधा कुठेही सुटलेला नाही. आजी जिथे बसते तिथून काठावरची ती मोठी गाठ बरोबर दिसते, ती येता-जाता तिच्यावरून हात फिरवते.

माळ्यावर अजून दोन फळ्या आहेत, येत्या जानेवारीत हाच किट परत मागवणार आहे.